२७० चा फरक

शुक्रवारी रात्री पावणेदहाला माझ्यासमोर दोन कागद होते. एक बँकेचं स्टेटमेंट, दुसरा माझ्या बँकबुकाची, म्हणजे बँकेतल्या व्यवहारांच्या मी केलेल्या नोंदींची प्रिंट. दोन्हींच्या तळाशी एकच आकडा यायला हवा होता आणि येत नव्हता. माझ्याकडे २७० जास्त दिसत होते.

नेहमीची कारणं तोवर तपासून झाली होती. मी दिलेला पण समोरच्याने अजून न वटवलेला एक चेक, बँकेने परस्पर कापलेले चार्जेस, महिन्याच्या शेवटच्या दिवशी भरलेली आणि बँकेत दुसऱ्या दिवशी लागलेली रोकड. हे सगळं जुळवणी पत्रकात मांडलं तरी २७० उरले ते उरलेच. रक्कम किरकोळ. सोडून द्यावी, असं मनात आलंच. पण किरकोळ फरकाच्या पोटात दोन मोठ्या चुका एकमेकींना खाऊन बसलेल्या असू शकतात, हे मला एकदा चांगलंच महागात पडून कळलंय.

माझा छपाई आणि बाइंडिंगचा छोटा व्यवसाय. माझ्यासकट आम्ही चौघं. कागद तिरका कापला गेला तर मला बोट फिरवून कळतं, पण पहिली तीन वर्षं हिशेब म्हणजे वर्षाअखेरीस पिशवीभर पावत्या अकाउंटंटच्या टेबलावर ओतायच्या, एवढंच माहीत होतं. एका वर्षी त्यांनी त्यातले सात-आठ कोरे कागद वेगळे काढून विचारलं, "मॅडम, हे काय?" त्या पावत्याच होत्या. थर्मल कागदावरची अक्षरं उडून गेली होती. छापखाना चालवणाऱ्या बाईला हे सुचू नये! तेव्हापासून पावती हातात आली की आधी फोटो.

तर २७०. अशा वेळी करायच्या दोन गोष्टी त्याच अकाउंटंटनी शिकवल्यात. पहिली, फरक निम्मा करायचा. दिलेली रक्कम चुकून आलेली म्हणून लिहिली, तर फरक बरोबर दुप्पट पडतो. म्हणून १३५ ची नोंद शोधली. नव्हती. दुसरी, फरकाला ९ ने भागून बघायचं. पूर्ण भाग गेला तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. २७० भागिले ९, म्हणजे ३०. यातले ३ सांगतात की उलटलेल्या दोन अंकांमध्ये ३ चा फरक आहे, आणि मागचं शून्य सांगतं की गडबड एकक-दशकात नाही, दशक-शतकात आहे. मग सगळं स्टेटमेंट वाचावं लागत नाही. ७ आणि ४, ८ आणि ५, ६ आणि ३ अशा शेजारच्या जोड्यांवरून नजर फिरवायची. दुसऱ्या पानावर सापडलं. बाइंडिंगच्या गोंदाचे बँकेतून गेलेले १,७४०. मी लिहिलेले १,४७०.

मला खरं वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. त्याच दुपारी मी तेरीज (ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींची यादी) काढली होती आणि ती चोख जुळली होती. नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट), दोन्ही बाजूंना शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं. मी खुशीत होते. पण सॉफ्टवेअरने काय केलं होतं? गोंदाच्या खर्चाला नावे १,४७० आणि बँकेला जमा १,४७० (बँकेतून पैसे गेले की माझ्या हिशेबात बँकेला जमा पडतात). चूक दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे तेरीज बिचारी जुळणारच. दुहेरी नोंदीची ही पद्धत १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या गणिती भिक्षूने छापून मांडली (शोध त्याचा नव्हे, तिथले व्यापारी ती आधीपासून वापरत होते), आणि ती इतकी वर्षं टिकली ते उगाच नाही. पण तिला फक्त तोल कळतो. एखादं बिल लिहायचंच राहिलं, कागदाचा खर्च दुरुस्तीच्या खात्यात गेला, तरी तेरीज जुळतेच. म्हणून मला आता बाहेरचा कागद लागतो, जो मी लिहिलेला नाही असा. बँकेचं स्टेटमेंट, कागदवाल्याने पाठवलेला खातेउतारा, रॅकवर मोजलेली रिमं.

याच्या उलटही होतं. दोन आकडे मुळीच जुळत नाहीत आणि दोन्ही खरे असतात. एकदा कॅटलॉगचं मोठं काम मिळालं. कागद रोखीने घेतला, पोरांचे पगार वेळेवर दिले, माल पोचवला, बिल केलं. नफा-तोटा पत्रक बघून छाती फुगली. बँकेत मात्र पुढच्या पगारापुरतेही पैसे नव्हते. मी अकाउंटंटना जरा चिडूनच विचारलं, "नफा झालाय म्हणता, मग पैसे कुठेत?" ते म्हणाले, "थोडे येण्यात, थोडे रॅकवर आणि थोडे मशिनीत." येणं म्हणजे त्या गिऱ्हाइकाची ६० दिवसांची उधारी. रॅकवर म्हणजे उरलेला कागद. मशिनीत म्हणजे कटिंग मशीनच्या कर्जाचा हप्ता, ज्यातलं फक्त व्याज खर्चात जातं. मुद्दल खर्च नव्हेच, तरी पैसा जातोच. आणि घसारा, म्हणजे मशीन वापरून जुनं होतं त्याची किंमत? तो खर्च आहे, पण त्या महिन्यात खिशातून काहीच जात नाही. हे कागदावर बाण काढून समजून घ्यायला मला एक अख्खी दुपार लागली. त्या दिवसापासून कोणाकडून किती, किती दिवसांपासून येणं आहे याची यादी मी दर सोमवारी काढते. ३० दिवसांच्या आतलं, ३० ते ६० मधलं आणि त्यापुढचं. फोन करायला अजूनही जीभ अडखळते, ते वेगळं.

सगळ्यात लाजिरवाणी चूक ॲडव्हान्सची. निम्मे पैसे आगाऊ आले की मी ते सरळ विक्रीत जमा करायचे आणि खर्चूनही टाकायचे. एक ऑर्डर रद्द झाली तेव्हा कळलं की ते पैसे माझे नव्हतेच. काम पोचवेपर्यंत ते देणं असतं. परत करायला नवऱ्याकडून उसने घेतले. ते उसने कुठे लिहायचे हेही मला येत नव्हतं, कारण तेव्हा घर आणि धंदा यांचं एकच बँक खातं होतं आणि 'उचल' हा शब्द मी फक्त कामगारांच्या बाबतीत ऐकला होता. मालकिणीचीही उचल असते! आता खाती वेगळी आहेत. घरासाठी महिन्याला एक ठरलेली रक्कम उचलीला नावे टाकून काढते. मध्येच काढली तर तीही लिहिते, लपवत नाही.

रोज मशीन बंद झाल्यावर पंधरा मिनिटं मी नोंदी करते. फार शिस्तीची आहे म्हणून नव्हे. चार दिवसांनी 'रोख, ३२०' एवढंच लिहिलेली चिठ्ठी बघून काही म्हणजे काही आठवत नाही, म्हणून.

शुक्रवारी १,४७० चे १,७४० केले आणि जुळवणी पत्रकात एकच गोष्ट उरली, तो न वटलेला चेक. दुसरा महिना चालू होता. शनिवारी सकाळी त्या लॅमिनेशनवाल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "छे हो, तुमचं पेमेंट कुठे आलंय? मीच विचारणार होतो." मी तारीख सांगितली, चेक नंबर सांगितला. पलीकडे खण ओढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नुसती कागदांची सळसळ. "अरेच्चा," काका म्हणाले, "तुमच्याच पाकिटात आहे."