कलियुगाचा पहिलाच चरण चालू आहे

सत्यनारायण असो की गणपती बसवायचा असो, गुरुजी संकल्पात भराभर म्हणतात ना, श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे प्रथमचरणे... मला तर अख्ख्या पूजेत हाच भाग सगळ्यात भारी वाटतो, कारण एवढ्या अफाट काळात आपण नेमके कुठे आहोत ते त्यात सांगितलेलं असतं.

हिशोब असा की कलियुग ४,३२,००० वर्षांचं, द्वापर दुप्पट, त्रेता तिप्पट, कृतयुग चौपट, सगळं मिळून ४३,२०,००० वर्षांचं महायुग आणि अशी १००० महायुगं झाली की ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प. तो संपला की प्रलय, तेवढीच रात्र, मग परत सृष्टी.

आता शालिवाहन शकात ३१७९ मिळवा, कलियुगाची किती वर्षं गेली ते कळतं. शके १९४७ ला ५१२६. लोक उठसूट घोर कलियुग म्हणतात पण पहिला चरण, म्हणजे युगाचा पहिला पाव भागच, १,०८,००० वर्षांचा आहे हो!

आणि आर्यभट बघा, तो सांगतो की कलियुगाची ३६०० वर्षं झाली तेव्हा मी २३ वर्षांचा होतो, म्हणजे इ.स. ४९९. स्वतःचं वय असं युगाच्या मापात सांगणारा माणूस मला फार आवडतो. त्याने तर महायुगाचे चार सारखे भाग केले, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे, स्मृतिग्रंथांतला हिशोब सोडून! त्यावरून गणिती ब्रह्मगुप्ताने नंतर त्याच्यावर सडकून टीका केली, पण आकाशातल्या गणितासाठी परंपरेला बाजूला ठेवायची ती हिंमत मला खूप मोठी वाटते.