हीटर गार हवा फेकतोय? डॅशबोर्ड उघडण्याआधी दोन पाईप चाचपा

ठाण्या-नवी मुंबईत हीटर बिघडल्याचं कळायलाच कितीतरी महिने जातात. नॉब वर्षभर निळ्या टोकाला असतो. मग डिसेंबरात नाशिकला निघालं की कसारा घाटात पहाटे कुणीतरी तो लाल टोकाला फिरवतं आणि गार वारा तोंडावर येतो. नाहीतर जुलैत घोडबंदर रोडवर काच आतून धुरकट होते, नुसत्या एसीने अंग गारठतं, म्हणून सोबत हीटर लावावा तर तोही गारच. गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं: "आपल्याकडे हीटर लागतो कुणाला?"

प्रश्न फक्त उबेचा असता तर हे उत्तर चाललं असतं. पण पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी गाडीत हीटर ही वेगळी यंत्रणा नसतेच. इंजिनातून तापून बाहेर पडणाऱ्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) एक फाटा डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, फिरून परत येतो आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. म्हणून हीटर गार पडला की आधी संशय घ्यायचा तो इंजिनाच्या कूलिंगवर.

पहिली तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना. रेडिएटरला झाकण असेल तर ते उघडून आत बघा. नुसत्या रिझर्व्ह टाकीच्या पातळीवर विसंबू नका. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं सर्रास दिसतं, कारण इंजिन थंड होताना टाकीतलं कूलंट परत ओढलंच जात नाही. गरम इंजिनावर झाकणाला हात लावू नका. आत साधारण ०.९ ते १.१ बार दाब असतो आणि झाकण सैल होताच उकळतं कूलंट थेट अंगावर येतं.

पातळी ठीक असेल तर गाडी मोकळ्या जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून सुरू करा. एसी बंद ठेवा, कारण एसी चालू असला की रेडिएटरचा फॅन तसाही फिरतो आणि इंजिन किती तापलं याचा अंदाज चुकतो. हीटरचा नॉब लाल टोकाला, ब्लोअर एक नंबरवर. फॅन आपोआप एकदा लागून बंद झाला की बॉनेट उघडा. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात अंगठ्याएवढ्या जाडीचे दोन रबरी पाईप शिरताना दिसतील. फिरता पट्टा आणि फॅन यांच्यापासून हात लांब ठेवून ते चाचपा. परतीचा पाईप किंचित कमी गरम लागला तर काळजी नको.

दोन्ही चटका बसेल इतके गरम असतील तर कूलंट नीट फिरतंय, दोष हवेच्या बाजूचा आहे. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कोअर तुंबलाय किंवा, ज्या गाड्यांत पाईपवर कॉक असतो तिथे, तो कॉक बंद अडकलाय. दोन्ही गार असतील तर कूलंट तिथवर पोचतच नाही: पातळी कमी, एअर लॉक (पाईपमध्ये अडकलेली हवा), नाहीतर कूलंट फिरवणारा वॉटर पंप. उभ्या गाडीत दोन्ही ठीक, पण रस्त्यावर धावताना हवा गार होत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व. जुनी गाडी घेतली असेल तर हे दोन पाईप खरोखर आत जातात का, तेही बघा. कोअर गळू लागल्यावर तो बदलण्याऐवजी दोन्ही टोकं एकमेकांना जोडून बायपास केलेल्या गाड्या बऱ्याच फिरतायत. काही बेस मॉडेलमध्ये तर कंपनीनेच हीटर दिलेला नव्हता.

थर्मोस्टॅटवर जरा थांबायला हवं. आपल्याकडे तो बिघडतो त्यापेक्षा काढून फेकलाच जास्त जातो. गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी तापली की "वॉल्व काढून टाकू, टेन्शन नाही" हा सल्ला हमखास मिळतो. खरं कारण फॅनची मोटर, चिखलाने भरलेला रेडिएटर किंवा गेलेलं झाकण असतं आणि ते तसंच राहतं. वॉल्व नसला की मोकळ्या रस्त्यावर इंजिन ८५-९० अंशांपर्यंत पोचतच नाही. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, इंजिन अजून थंड आहे असं धरून जास्त पेट्रोल देतो, ॲव्हरेज पडतं, हीटर कोमट राहतो. काही इंजिनांत वॉल्व काढल्यावर बायपासची वाट कायम उघडी राहते, त्यामुळे कूलंट रेडिएटर टाळून फिरतं आणि गाडी चढावर उलट जास्त तापते. वॉल्व काढणं ही दुरुस्ती नव्हे.

खात्री करायला ओबीडी पोर्टमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटमध्ये) लावायचं साधं ब्लूटूथ ॲडॉप्टर पुरतं. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवूनही तापमान ७०च्या आसपास घुटमळत असेल, किंवा पी०१२८ हा बिघाडाचा कोड आला असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही. काढलेला वॉल्व पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून, सोबत थर्मामीटर ठेवून तापवा. अंगावर ८२ किंवा ८८ असा जो आकडा असेल त्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. गार पाण्यातच उघडा दिसला तर बदला. नवा बसवताना गॅस्केट किंवा ओ-रिंग नवी घ्या, आणि वॉल्व उभा बसत असेल तर त्यावरची हलती छोटी पिन वरच्या बाजूला ठेवा. अडकलेली हवा तिथूनच निसटते.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत आणखी एक जागा बघायची. सिलिंडरमधला २०० बारपर्यंतचा गॅस रेड्युसरमध्ये (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागात) एकदम खाली उतरताना प्रचंड गार होतो, म्हणून रेड्युसरला गरम कूलंट द्यावं लागतं. ते बहुधा हीटरच्याच पाईपला टी (तीन तोंडांचा जोड) लावून घेतलेलं असतं. टी उलटसुलट जोडले, पाईप दुमडला किंवा किट बसवल्यावर हवा काढलीच नाही, तर हीटर गार पडतो. गॅसवर गाडी झटके देतेय, रेड्युसरवर बर्फ धरतोय आणि हीटरही गार, असं तिन्ही एकत्र दिसलं तर गॅस ट्युनिंगवर खर्च करण्याआधी कूलंट बघा. त्या टींवर पाईप आवळणाऱ्या जुबिली क्लिपाही तपासा, गळती बहुतेक तिथेच सापडते.

हवा काढायची पद्धत सोपी आहे, घाई मात्र चालत नाही. गाडीचं तोंड चढाला करा, सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प पुरतो, आणि चाकांमागे दगड लावा. थंड इंजिनावर झाकण उघडून काठोकाठ भरा, नॉब लाल टोकाला ठेवा, इंजिन आयडलवर चालू द्या. रेडिएटरचा वरचा पाईप कापड धरून हलके दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तितकं भरत जा. पाईप तापू लागला की झाकण लावा आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) दिलेला असेल तर हवा तिथूनच काढा. भरून झाल्यावर काही दिवसांत पातळी परत उतरली आणि कुठेही गळती दिसत नसेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलची) तपासणी करून घ्या.

भरायचं ते ५०:५०, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. बाटलीवर "रेडी टू यूज" लिहिलं असेल तर पाणी अजिबात नको. रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल-निळा हा काही प्रमाण संकेत नव्हे, मॅन्युअलमधला प्रकार बघा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की क्षार धरतो आणि सर्वात आधी हीटर कोअरच्या बारीक नळ्या तुंबतात.

तुंबलेला कोअर धुताना दोन्ही पाईप सोडून बागेच्या नळीने पाणी आधी उलट दिशेने सोडा, मग सुलट, स्वच्छ पाणी येईपर्यंत. उंच इमारतीच्या तळमजल्यावरचा नळ पूर्ण उघडू नका. टाकीच्या दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब वाढतो आणि कुजलेला कोअर तेवढ्यानेही फुटतो. कॉस्टिक सोडा तर नकोच, तो ॲल्युमिनियम खातो. बाहेर आलेलं कूलंट गटारात सोडू नका. चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

दोन्ही पाईप गरम असणाऱ्यांनी ग्लोव्ह बॉक्सखाली किंवा ॲक्सिलरेटरच्या बाजूला वाकून बघावं. नॉबची केबल फ्लॅपच्या (गरम-गार हवा वळवणाऱ्या झडपेच्या) लिव्हरवरून निसटली असेल तर क्लिप परत बसवायची, दहा मिनिटांचं काम. ऑटोमॅटिक एसीत तिथे छोटी मोटर असते. नॉब फिरवल्यावर टकटक आवाज येत राहिला तर तिचे दाते गेलेत.

डाव्या बाजूचा गालिचा ओला असेल तर बोटाने बघा. बेरंग पाणी एसीच्या तुंबलेल्या ड्रेनचं. चिकट, रंगीत आणि गोडसर वास असेल तर कोअर गळतोय, आणि त्यासाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावाच लागतो.

इलेक्ट्रिक गाडीला यातलं फार थोडं लागू पडतं. तिथे बहुतेक वेळा हाय व्होल्टेजवर चालणारा हीटर असतो. नारिंगी वायर दिसली की हात मागे घ्या आणि गाडी सर्व्हिस सेंटरला न्या.