आठवीतली एक चौकट

इथे अमेरिकेत लेकीच्या शाळेने दिलेला, कोणत्या इयत्तेत कोणतं गणित घ्यायचं त्या वाटांचा कागद वर्षभर फ्रिजवर लावलेला आहे. नववीत अल्जेब्रा वन, दहावीत जॉमेट्री, अकरावीत अल्जेब्रा टू, बारावीत प्री-कॅल्क्युलस. तिची रांग इथे संपते. कॅल्क्युलस आहे वरच्या रांगेत, आणि त्या रांगेत अल्जेब्रा वन आठवीतच झालेलं असतं. तिला फिजिक्स शिकायचंय. एपी फिजिक्स सी, म्हणजे शाळेतच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स, कॅल्क्युलसशिवाय होत नाही.

काउन्सेलर म्हणाल्या, ‘कॉमन कोअरमुळे आठवीत अल्जेब्रा देत नाही.’ कॉमन कोअर म्हणजे कोणत्या इयत्तेत काय यायला हवं याची मानकं. म्हणून मी ती स्वतः वाचायला घेतली.

अमेरिकेत ती २०१० साली आली. केंद्राने नाही, राज्यांनी मिळून केली, पण बहुतेक राज्यांनी घेतल्यावर ती देशाचीच झाली. आठवीचा भाग मला मनापासून आवडला. लेकीने एकदा आलेखावर तिरकी रेघ काढली, तिला टेकून एक छोटा आणि एक मोठा काटकोन त्रिकोण काढला आणि म्हणाली, ‘आई, दोन्ही समरूप आहेत, म्हणून उतार कुठेही मोजला तरी तोच येतो.’ मला शाळेत नुसतं सूत्र पाठ होतं. ‘का’ कुणी सांगितलंच नव्हतं.

जुन्या अल्जेब्रा वनमधलं बरंच काही असं आठवीत आलंय, त्यामुळे ते वर्ष जड झालंय हे मान्य. पण सातवी, आठवी आणि अल्जेब्रा वन मिळून दोन वर्षांत कसं बसवायचं, हे त्याच मानकांच्या परिशिष्टात लिहिलंय! मग मानकांमुळे देत नाही, असं का सांगायचं? सॅन फ्रान्सिस्कोनेही मुलांची लवकर वर्गवारी नको म्हणून आठवीतला अल्जेब्रा काढला होता. हेतू चांगला होता. पण ज्यांना परवडलं त्यांनी बाहेर शिकवण्या लावल्या, आणि मार्च २०२४ मध्ये मतदारांनीच तो परत आणा असा कौल दिला.

विज्ञानाची मानकं २०१३ ची. न्यूटनचा दुसरा नियम तपासायचा तो एकाच मितीतल्या गतीपुरता, अशी हद्द तिथे स्पष्ट लिहिली आहे. तिरका फेकलेला चेंडू हद्दीबाहेर. शिकवायला कुणी अडवलेलं नाही, पण परीक्षेत येत नाही त्याला वर्गात किती दिवस मिळणार? एपीच्या पहिल्याच महिन्यात मात्र तोच चेंडू समोर येतो.

बारावीत कॅल्क्युलस गाठता यावं म्हणून लेक आता दहावीत जॉमेट्री आणि अल्जेब्रा टू एकदम घेणार आहे. त्यासाठी ऑर्केस्ट्राचा तास सोडावा लागला. व्हायोलिन कपाटावर ठेवताना ती काही बोलली नाही, मला मात्र फार लागलं.

पुढच्या मंगळवारी स्कूल बोर्डाची बैठक आहे. बोलायला दोन मिनिटं मिळतात. परिशिष्टाची ती पानं छापून ठेवली आहेत. शेजारचा मुलगा सहावीत आहे, त्याची आईही येतेय.