तुम्ही विचारलंत म्हणून: सायन्सला कुठला स्वभाव लागतो?

दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न मला कुठेही गाठतो. सोसायटीच्या जिन्यात, भाजीवाल्यापाशी, सकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात. "मॅडम, आमची मुलगी फार अबोल आहे, सायन्स जमेल ना तिला?" तर कुणी नेमकं उलटं विचारतं, "आमचा एका जागी बसत नाही हो, सायन्सला बैठक लागते ना?" अलीकडे त्याच्या जोडीला मोबाइलवरच्या चाचणीचा निकालही असतो. परवा चौथ्या मजल्यावरच्या ताईंनी दाखवला. आय-एन-एफ-पी अशी चार अक्षरं आणि खाली 'कलाक्षेत्राकडे कल'. "मग आर्ट्सलाच घालू का हिला?" ताईंचा चेहरा खरोखर काळजीत होता.

मुंबईच्या उपनगरातल्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं केमिस्ट्री शिकवते आहे. जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखं हे उत्तर नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

आधी त्या चार अक्षरांबद्दल. कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांच्या मानसिक प्रकारांवर ग्रंथ लिहिला. त्यातल्या कल्पनांवरून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघींनी चार जोड्या मांडल्या. अंतर्मुख की बहिर्मुख, विचाराने चालणारा की भावनेने, अशा. चार जोड्यांचे सोळा प्रकार होतात. फोनवरच्या बहुतेक फुकट चाचण्या याच चौकटीवर बेतलेल्या असतात. मायलेकींची माणसं समजून घ्यायची तळमळ खरी होती. अडचण आहे ती मोजण्यात. स्वभाव उंचीसारखा असतो, बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यात येतात. उद्या मी १६० सेंटिमीटरवर रेघ मारली आणि १५९वालीला 'ठेंगणी', १६१वालीला 'उंच' म्हटलं, तर तुम्हाला पटेल का? ही चाचणी तेच करते. म्हणूनच काही आठवड्यांनी पुन्हा दिली की पुष्कळ जणांचं एखादं तरी अक्षर बदलतं.

मानसशास्त्रज्ञ संशोधनासाठी बहुधा पाच पट्ट्या वापरतात आणि माणूस प्रत्येक पट्टीवर कुठे उभा आहे ते पाहतात. त्यांतली कॉलेजातल्या मार्कांशी सगळ्यात सातत्याने जोडलेली दिसते ती काटेकोरपणाची, हातात घेतलेलं काम पुरं करण्याची पट्टी. ती तर आर्ट्सलाही लागते आणि कॉमर्सलाही.

मग सायन्सची ओढ लागते ती कशाने? मी जे रोज बघते ते सांगते.

आम्ही परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन करून घेतो, म्हणजे एक द्रव थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून तो किती लागतो ते मोजायचं. रंग टिकला की थांबायचं, तोच एंड पॉइंट. कॉनिकल फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड घ्यायचं, त्यात विरल सल्फ्युरिक ॲसिड घालायचं आणि साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करायचं. ब्युरेटमधून, म्हणजे खाली कॉक असलेल्या मापाच्या उभ्या नळीतून, परमँगनेटचा जांभळा थेंब पडतो आणि रंग जातच नाही. पोरं घाबरतात, "मॅडम, पहिल्याच थेंबाला एंड पॉइंट!" मी म्हणते, थांब, हलवत राहा. थोड्या वेळाने रंग विरतो. दुसरा थेंब जरा लवकर विरतो. पुढचे तर पडताक्षणी नाहीसे होतात, कारण या अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच तिला वेग देतात. आणि मग असा एक थेंब येतो की फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकून राहते. तिथे कॉक बंद करायचा. सव्वीस वर्षं बघितलंय हे, तरी त्या शेवटच्या थेंबाला मी अजून टेबलाजवळ जाऊन उभी राहते.

एका बॅचला एक मुलगी होती. दिवाळीपर्यंत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. किती मिलिलिटर परमँगनेट लागलं याची तिची रीडिंगं आली ९.८, ९.८ आणि ९.४. आजूबाजूच्या सगळ्यांच्या वहीत तीनदा ९.८ होतं. शेजारीण कुजबुजली, "९.८ लिहून टाक ना, कोण बघतंय." हिने ९.४ लिहिलं आणि माझ्यापाशी आली. "मॅडम, फ्लास्क थंड झाला होता. रंग जायला वेळ लागत होता, मला वाटलं एंड पॉइंट आला, मी लवकर थांबले असेन का?" पुन्हा गरम करून चौथं रीडिंग घेतलं. ९.८.

घरात, वर्गात, बहुतेक ठिकाणी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. प्रयोगशाळेत सोळा वर्षांची अबोल मुलगी सगळ्यांपेक्षा वेगळा आकडा मांडू शकते, तो का आला ते शोधू शकते आणि तिथे मॅडमनाही तिचं ऐकावं लागतं. सायन्सची ओढ मुलांना इथे लागते, असं मला मनापासून वाटतं.

त्याच बॅचला एक अखंड बडबड्या मुलगाही होता. त्याला ब्युरेटपुढे उभं राहणं ही शिक्षा वाटायची. त्याने पुढे झुऑलॉजी घेतलं. हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला काय काय सापडतं हे तो येऊन तासभर सांगायचा, आणि भरती-ओहोटीच्या वेळा त्याला लोकलच्या टाइमटेबलसारख्या पाठ होत्या. सायन्समध्ये दोघांनाही जागा आहे.

स्वभावाला काहीच अर्थ नाही, असं मात्र मी म्हणत नाही. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा मुंबईचेच, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले. १९२७ साली ते केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायला, कारण घरच्यांची तशी इच्छा होती. तिथून १९२८ साली त्यांनी वडिलांना लिहिलं की इंजिनिअरची नोकरी माझ्या स्वभावाच्या पूर्ण विरुद्ध आहे, माझा मार्ग फिजिक्सचा. आधी फर्स्ट क्लास मिळव, मग बघू, असं ठरलं. १९३० साली त्यांनी तो मिळवला आणि मग मनासारखा विषय घेतला. स्वभावाचं हे कारण भाभांनी दिलं ते दोन्ही विषय जवळून पाहिल्यावर. हेच भाभा चित्रंही काढायचे. कुलाब्याच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेच्या भिंतींवर आजही भारतीय चित्रकारांची चित्रं आहेत, तो संग्रह त्यांनीच सुरू केला. 'कलाक्षेत्राकडे कल' असा निकाल त्यांच्या हातात पडला असता तर?

माझी खरी काळजी वेगळी आहे. 'सायन्स माझ्या स्वभावात नाही' म्हणणाऱ्या कितीतरी मुलांनी ब्युरेट धड हातात धरलेली नसते. सकाळपासून क्लास, एमसीक्यूंचे गठ्ठे, आणि प्रॅक्टिकलचं जर्नल कुणाचं तरी बघून उतरवलेलं. त्यांना सायन्स भेटलेलंच नसतं, मग ते आवडत नाही हे ठरवायचं कशावरून?

म्हणून चौथ्या मजल्यावरच्या ताईंना मी एवढंच म्हटलं की हळदीचा डाग पडलेल्या फडक्याला मुलीला साबण लावू द्या आणि तुम्ही काही बोलू नका. डाग लाल होतो हे आपण सगळ्याच जणी धुताना बघतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगीच दारात उभी, हातात ओलं फडकं. "काकू, लिंबू पिळलं की परत पिवळं होतं. परत साबण लावला की परत लाल. असं कितीदा होईल?"

मला माहीत नव्हतं. आम्ही दोघी ओट्यापाशी मोजत उभ्या राहिलो. सातव्या खेपेला रंग ना धड लाल ना पिवळा. तिने वहीत सातच्या पुढे लिहिलं, 'मळकट'.