टपावरचं पाणी

कॅम्पर व्हॅन दिसली की लोक विचारतात, ॲव्हरेज किती देते, झोपतात किती जण, आत संडास आहे का. जून ते सप्टेंबर ती उभी कुठे राहते, हे कोणी विचारत नाही. खरा खर्च आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे.

आमची गाडी म्हणजे सेकंडहँड ट्रॅव्हलर, मिनीबसच म्हणा. मागच्या सीट काढून बेड, छोटा ओटा आणि सिंक केलेलं, टपावर दोन सोलार पॅनल आणि एक हवेचा झरोका. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगची उंची तिला पुरत नाही आणि रस्त्यावर लावली की सेक्रेटरी साहेबांचा मेसेज येतो. भर पावसात दरडींच्या घाटातून फिरायची आम्हाला हौस नाही. त्यामुळे चार महिने ती नणंदेच्या मळ्यात, मखमलाबादला.

ताईंच्या यजमानांना सगळेच भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी मोठ्या मनाने चिंचेखालची जागा दाखवली. सावली छान, पण चिंचेचा पाला बारीक. तो टपाच्या कडेच्या पन्हळीत बसतो, पावसात त्याचा लगदा होतो आणि पाणी जायच्या भोकात बोळा कोंबल्यासारखा घट्ट अडकतो. वर वाऱ्याने फांदी पडायची भीती ती वेगळीच. म्हणून द्राक्षांच्या पॅकिंग शेडच्या बाजूला, मुरमाच्या उघड्या जागेवर गाडी लावली. पुढची चाकं फळ्यांवर चढवली, म्हणजे टप किंचित मागे उतरता राहतो. हँडब्रेक न ओढता चाकांना दगड लावले, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरली आणि बॅटरीची वायर काढली. हे सगळं तासाभरात उरकलं.

आच्छादनाचं प्रकरण मात्र तासाभरात उरकणारं नव्हतं. ताडपत्री विकणाऱ्याचा माणूस स्वतः येऊन बांधून गेला. ढोलकीची पुडी ताणतात तशी ताणली होती, आम्हीही खूश. नाशिक शहराचा पाऊस तसा बेताचाच. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे जातो तो इगतपुरीला. इकडे आपण गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठपर्यंत बुडाली ते बघायला नदीच्या घाटावर जायचं, एवढंच. पण ताडपत्रीला वार्षिक सरासरीशी देणंघेणं नसतं. एका दुपारी जोराची सर आली की तेवढी सर तिला पुरते.

जुलैत ताईंचा फोन आला, "अगं, तुमच्या गाडीवर तळं झालंय."

शिडी लावून बघितलं. पुढे पॅनल, मागे झरोका, दोन्ही बाजूंना कॅरिअरच्या दांड्या आणि या चौकटीच्या मधोमध ताडपत्री खाली बसलेली. पाणी इतकं निवळ की तळाशी ताडपत्रीची वीण दिसत होती. वर चिंचेची दोन-चार पानं तरंगत होती (एवढ्या लांब कशी आली देव जाणे) आणि डासांच्या अळ्या वळवळत होत्या. टेपने मोजलं. लांबी दोन मीटर, रुंदी सव्वा मीटर, खोली सरासरी आठ सेंटीमीटर. गुणाकार केला तर २०० लिटर, म्हणजेच २०० किलो. गाडीच्या टपाला भोकं पाडून बसवलेल्या वस्तूंच्या मधोमध २०० किलो! तीन धट्टीकट्टी माणसं टपावर रात्रंदिवस बसून राहावीत, असा भार.

माझा मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटाला असतो. त्याची मोटरहोम हिवाळाभर अंगणात बर्फाखाली उभी असते. त्याला फोटो पाठवला तर तो हसला. मग म्हणाला, "तुझं आणि माझं दुखणं एकच गं, फक्त माझं पांढरं आहे." ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो, दबून ओला झाला की ३०० च्या वर जातो. पाणी तर १००० किलो. म्हणजे त्याच्या टपावर फूटभर ताजा बर्फ पडला, तर वजन होतं जेमतेम तीन सेंटीमीटर पाण्याएवढं. आमचं तळं आठचं होतं! त्याने दोन गोष्टी बजावल्या. टपावर चढायचं नाही. तो स्वतः जमिनीवर उभा राहून, लांब दांड्याला फोम लावलेल्या खोरणीने बर्फ ओढतो, आणि शेवटचा पातळ थर मुद्दाम राहू देतो, म्हणजे टपाचं रबर खरवडलं जात नाही. दुसरं म्हणजे, गळती बर्फ पडताना कळत नाही, वितळताना कळते. सांध्यात शिरलेलं पाणी गोठून फुगतं, फट मोठी करतं, पुढच्या उन्हात पुन्हा आत शिरतं. आपल्याकडे गोठायचा प्रश्न नाही, पण एप्रिल-मेचं चाळिशीचं ऊन सीलंटला तडे पाडतं आणि पहिला पाऊस ते शोधून काढतो. हिशोब तोच.

बादलीने पाणी उपसायचं तर टपावर चढणं आलं. ताडपत्री एका बाजूने उचलली तर २०० किलो एकदम दुसऱ्या कडेला धावणार आणि तिथली खिडकी त्याखाली येणार. तोडगा भाऊसाहेबांच्या खांद्यावरून आला. ठिबकची सोळा एमएमची नळी. पूर्ण पाण्याने भरली, दोन्ही टोकांना अंगठे दाबले, एक टोक तळ्यात बुडवलं, दुसरं खाली जमिनीवर आणून सोडलं. धार लागली ती अर्ध्या तासात तळं कोरडं करूनच थांबली. पाणी शेजारच्या वांग्यांना गेलं.

मग ताडपत्री काढूनच टाकली. ती टपाला चिकटून होती तिथे खाली वाफ धरलेली, आणि वाऱ्याने फडफडून कोपऱ्यावरचा रंग पार घासलेला. द्राक्षबागेचे वेल ज्यांवर चढवतात त्या इंग्रजी वाय आकाराच्या लोखंडी अँगलचे मोडीत निघालेले चार तुकडे होते. ते उभे रोवून, वर मधोमध एक जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आडवा टाकून, घराला असतो तसा आढा केला. त्यावरून शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद, म्हणजे तळ्यात अंथरतात ते जाड प्लॅस्टिक, दोन्ही बाजूंना सोडला. कागद गाडीला कुठेच टेकत नाही, मध्ये वीतभर हवा खेळते. अँगलच्या टोकांवर जुनी ट्यूब गुंडाळली, नाहीतर कागद एका वादळात फाटतो. ताणायच्या दोऱ्यांना टोकाला वाळूच्या पिशव्या टांगल्या. खुंटीला दोरी बांधली तर जोराच्या वाऱ्यात काहीतरी तुटतं; पिशवी वर उचलली जाते आणि परत खाली येते. हे भाऊसाहेबांचं डोकं, माझं नाही.

तेवढ्यात आत गेले तर ओट्यावरच्या कपाटामागे तपकिरी डाग. प्लाय बोटाने दाबला तर मऊ. गाडीचं काम ज्याने केलं होतं त्या वर्कशॉपला फोन केला. "मॅडम, वरून सिलिकॉन मारून घ्या." कुठे मारू? "सगळीकडेच मारा." विमा एजंट निदान स्पष्ट बोलला: पूर, वादळ, गारपीट पॉलिसीत येतं, हळूहळू झिरपलेलं पाणी झिजेत मोडतं. गारांचं मी मुद्दाम विचारलं होतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट ज्याने या जिल्ह्यात बघितली आहे, तो ते विचारतोच.

डाग जिथे, गळती तिथे नसते. पाणी वायरीच्या कडेने, छताच्या आतल्या पट्टीवरून वाटेल तिथे जातं. मावसभावाने सांगितलेली युक्ती वापरली. पाऊस उघडल्यावर सगळ्या खिडक्या बंद केल्या, एका खिडकीच्या फटीत पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून धूळ उडवायचा छोटा ब्लोअर आतल्या बाजूला फुंकत ठेवला. आत जरासा दाब तयार होतो. मग हातपंपात साबणाचं पाणी भरून, शिडीवर उभं राहून एकेका सांध्यावर फवारलं. पंप नवाच घ्या. औषध मारायचा मळ्यातला पंप कितीही धुतला तरी मला त्याचा भरवसा नाही.

झरोक्याभोवती काही नाही. माझा सगळा संशय त्याच्यावर होता. कॅरिअरच्या पायांना काही नाही. पॅनलच्या मागच्या उजव्या पायाच्या बोल्टपाशी मात्र बारीक बारीक बुडबुडे, एकामागून एक, उकळी फुटल्यासारखे. डागापासून चांगलं दीड मीटर लांब.

तिथे वर्कशॉपने सिलिकॉनच भरलेलं होतं, तेही आंबूस वासाचं. ते पत्र्याला गंज धरवतं, आणि त्यावर पुढे ना रंग धरत, ना दुसरं सीलंट. म्हणून खरवडून, स्पिरिटने पुसून शेवटचा कण काढण्यात अर्धा दिवस गेला, तोही लाकडी पट्टीने, पत्र्याला चरा पडू नये म्हणून. गंजावर प्रायमर, पायाखाली ब्यूटाइलची (चिकट रबरी) टेप, बोल्ट आवळला, वरून पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट. अंबडला एका कारागिराने कपाटामागचा प्लाय बदलून दिला. त्याने घेतलेले पैसे आख्ख्या आढ्याच्या खर्चापेक्षा जास्त होते.

उरलेल्या पावसात काम एवढंच राहिलं: मोठी सर येऊन गेली की ताई कागदावर एक नजर टाकायच्या, आणि ऊन पडलं की मी जाऊन दारं उघडून गाद्या उभ्या करून यायचे. कोपऱ्यांत कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवले होते, त्यांत दरवेळी पाणी साठलेलं असायचं. डाग पुन्हा उमटला नाही.

सप्टेंबरअखेर भाऊसाहेबांचा फोन आला. "वहिनी, गाडीचं झालं असेल तर कागद मोकळा करा. मका काढलाय, अन् वर ढग बघा कसे आलेत."