आइखश्टेटचा मासेखाऊ

भाचीकडे म्युनिकला गेलो होतो. रविवारी इंगोलश्टाटमार्गे आइखश्टेट गाठलं. मुख्य स्टेशनावरून गावात जायला वेगळी छोटी गाडी लागते, हे ती डोळ्यांदेखत सुटल्यावर कळलं.

आल्टम्यूल नदीवरच्या टेकडीवर विलिबाल्ड्सबुर्ग हा किल्ला आहे आणि किल्ल्यातच जुरा म्युझियम, जीवाश्मांचं. चढताना धाप लागली. पण ज्याच्यासाठी आलो तो ऱ्हॅम्फोऱ्हिंकस समोर दगडाच्या फरशीत जीवाश्म होऊन पसरलेला पाहिला आणि पाय दुखायचे थांबले. पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा हा उडता सरडा. म्हणजे खरं तर सरडाही नाही, डायनोसॉरही नाही, टेरोसॉर, म्हणजे डायनोसॉरांचा उडता नातलग. आपली अनामिका, तेच बोट याचं लांबच लांब वाढलेलं, त्याला पंखाचा पडदा ताणलेला. शेपटीच्या टोकाला चौकटच्या पानासारखा झेंडा. आणि दात! वर वीस, खाली चौदा, सुयांसारखे, पुढे झुकलेले. तोंड मिटलं की एकमेकांत अडकणारे. बुळबुळीत मासा त्यातून कुठला निसटतोय!

"मामा, हा मालवणात जन्मला असता तर बाजारातच मुक्काम ठोकला असता," भाची म्हणाली.

मासे खायचा हा काही नुसता तर्क नाही, याच्या काही जीवाश्मांत पोटातच मासे सापडलेत. याच दगडातली एक फरशी आता अमेरिकेत, वायोमिंगला आहे. तिच्यात याच्या घशात छोटा मासा आणि पंखात अडकलेला दुसरा, लांब तोंडाचा मोठा मासा. घास गिळायच्या आत हाच घास व्हायचा होता. मोठ्याला ना गिळता आलं ना सुटता. सगळे खाली गेले. तळाचं पाणी खारट, प्राणवायू नसलेलं, त्यामुळे कुरतडायला कोणी नाही. वर चुन्याचा मऊ गाळ बसत गेला.

त्या गाळाचाच हा दगड. झेनेफेल्डरने १७९६च्या सुमारास शिळाछाप शोधली ती याच्यावर. रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या त्या याच तंत्राने.

दुपारी ब्लूमेनबेर्गच्या खाणीत. छिन्नी-हातोडा भाड्याने मिळतो, फोडायचं आणि सापडेल ते घरी न्यायचं. दगड पापडाच्या चळतीसारखा सुटतो. तास-दीड तासात अंगठा सुजला आणि हाती लागली एक फरशी, तिच्यावर नाजूक काळा नेचा. शेजारी फोडत बसलेले जर्मन आजोबा बघून हसले. वनस्पती नव्हेच ती. फटीत झिरपलेल्या लोह-मँगनीजची नक्षी.

फरशी आता ओटीवर ठेवलीय. येणारा-जाणारा विचारतो, "नेचा काय हो?" मी हो म्हणतो.