आमची वाटचाल: मोठं टेबल, दोन माग आणि तो लाल तागा

क्विल्टचा (गोधडीसारख्या थरांच्या पांघरुणाचा) टॉप, म्हणजे तुकडे जोडून केलेला वरचा थर, एकटीने जोडता येतो. पण डबल बेडच्या क्विल्टचं सँडविच, म्हणजे तिन्ही थर एकावर एक, एकटीने लावून बघा. खाली बॅकिंग (मागचं कापड) ताणून टेपने चिकटवायचं, वर बॅटिंग (मधला मऊ थर) पसरायचं, त्यावर टॉप, आणि मधून बाहेर हात फिरवत सुरकुत्या काढायच्या, तोवर पलीकडचा कोपरा सरकलेला असतो. मागावर पण तेच. वॉर्पिंग बोर्डवर (खुंट्यांच्या चौकटीवर) क्रॉस, म्हणजे धाग्यांचा क्रम राखणारी फुली, सांभाळत ताण्याचे (उभे) धागे मोजायला कोणी लागत नाही, पण तो ताणा बीमवर (मागाच्या रुळावर) गुंडाळायची वेळ आली की समोरून एकसारखा ताण धरायला दुसरे दोन हात लागतातच. आमचा धंदा या दोन कामांवर उभा आहे. कापड, दोरे, सुया, कटरची पाती सगळं विकतो, पण लोक येतात ते मोठ्या टेबलासाठी आणि समोरच्या हातांसाठी. हे मी पहिल्यापासून सांगतेय आणि पहिल्यापासून धंद्यातल्या लोकांनी ऐकून सोडून दिलंय, त्यांच्या मते भविष्य रेडी किट आणि व्हिडिओचं, घरी एकटीने करायचं, म्हणून आज सगळं लिहून काढते.

सुरुवात दोघींनी केली. मी क्विल्टवाली, माझी पार्टनर मागवाली. तिच्याकडे एक चार शाफ्टचा टेबल लूम (टेबलावरचा माग; शाफ्ट म्हणजे ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटी) आणि एक आठ शाफ्टचा फ्लोअर लूम (जमिनीवरचा मोठा माग), तो तिचा जीव की प्राण. माझ्याकडे फक्त सरळ टाका मारणारी जुनी जड मशीन. ती अजून चालते, तेल घातलं की झालं. तिचा पाव इंचाचा फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) इतका खरा आहे की नवीन कोणी शिकायला आलं की आधी तिच्यावरच बसवते. कारण शिवण १/१६ इंच जास्त धरली गेली तर दोन्ही तुकड्यांतून मिळून १/८ इंच जातो, आणि ब्लॉकमध्ये (टॉपच्या एका चौकोनात) एका ओळीत आठ शिवणी असल्या की अख्खा १ इंच गेला, मग लोक म्हणतात पॅटर्न चुकीचा आहे. पॅटर्न बरोबर असतो हो. पाव इंचाला एखादा धागा कमीच शिवायचं, कारण इस्त्री केल्यावर घडीत तेवढं कापड जातंच.

कटरबद्दल पण बोलतेच. ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये पहिला रोटरी कटर काढला, त्याआधी सगळं टेम्प्लेट आखून कात्रीने कापायचे. आज आपण पट्ट्या अशा फटाफट काढतो ते त्या गोल पात्यामुळे. आणि तेच पातं लोक बोथट होऊन धागे सोडायला लागलं तरी बदलत नाहीत, वरून जास्त जोर देतात, मापाची पट्टी सटकते आणि बोट जातं. पातं बदला. आणि कटिंग टेबल कमरेइतकं उंच घ्या, ३६ इंच उंची बहुतेकांना बरी पडते, जेवणाच्या टेबलावर वाकून कापाल तर पाठ धरेलच.

काही वर्षं बरी गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, लोक येत गेले, टेबल भरत गेलं.

मग तो लाल तागा आला.

आमचा ग्रुप प्रोजेक्ट होता लॉग केबिनचा, म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत केलेल्या ब्लॉकचा. प्रत्येकीने ब्लॉक करायचे आणि आपापसात बदलून घ्यायचे, म्हणजे प्रत्येकीच्या क्विल्टमध्ये सगळ्यांचा हात. ही काही माझी आयडिया नाही, १८४० च्या दशकातले अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे अल्बम क्विल्ट असेच आहेत, कितीतरी क्विल्टमधले ब्लॉक वेगवेगळ्या माणसांचे आणि त्यावर ज्याची त्याची सही. लॉग केबिनच्या मधल्या चौकोनाला लाल कापड लावतात, घरातल्या विस्तवाची खूण म्हणून. सगळ्यांचा लाल एकसारखा हवा म्हणून तो आम्ही मागवला. सँपलचा तुकडा मी स्वतः पांढऱ्या कापडाबरोबर गरम पाण्यात धुऊन बघितला होता, एक थेंब रंग सुटला नव्हता. पण जे तागे आले ते दुसऱ्या लॉटचे निघाले. वरून रंग तोच, पोत तोच, लेबल तेच, ओळखणार कसं?

क्विल्ट पूर्ण झाले, बाइंडिंग (कडेची पट्टी) लागलं, आणि लोकांनी ते धुतले. लॉग केबिनचा अर्धा भाग फिकट असतो हे तुम्हाला माहितीये. तो सगळा गुलाबी झाला. आधी एक फोन आला, मग दुसरा, मग दिवसभर फोनच. कितीतरी महिन्यांचं काम होतं बायकांचं, एकीने तर सगळं क्विल्टिंग, म्हणजे तिन्ही थर एकत्र शिवणं, हाताने केलं होतं, आणि तिचा आवाज फोनवर इतका शांत होता की मला काय बोलावं कळेना.

सप्लायरने हात वर केले. म्हणाला रंग पक्का असल्याची गॅरंटी बिलावर कुठे लिहिलीये, तुमच्या लोकांनी नीट धुतलं नसेल. सँपल आणि माल वेगळ्या लॉटचा का, या प्रश्नाला तेव्हाही उत्तर दिलं नाही आणि त्यानंतरही कधी दिलं नाही. मी तो प्रश्न अजून विसरलेली नाही.

आणि नेमकं त्याच वेळी दुसऱ्या एका स्टुडिओने आमच्या लोकांना फोन करायला सुरुवात केली. त्यांचे रेडी किट, कापलेल्या पट्ट्या, व्हिडिओ बघा आणि घरी एकटीने करा, रंग जाणार नाही. ठीक आहे, धंदा आहे, कोणीही करावा. पण किटमधली शीट (ब्लॉक कसा जोडायचा त्याच्या चित्राचा कागद) माझ्या हातात आली आणि माझं डोकंच फिरलं. आमची शीट! आमच्या लॉग केबिनच्या शीटवर पट्ट्यांचे आकडे घड्याळाच्या उलट दिशेने जातात, कारण ती माझ्या पार्टनरने काढली होती आणि ती डावखुरी आहे, तिला तसंच सोयीचं पडतं. त्यांच्या शीटवर आकडे उलटेच, बाणांची टोकं पण तशीच. लॉग केबिन कोणाच्या मालकीचं नाही हे मला कळतं, तो ब्लॉक सगळ्यांचा आहे. पण ते चित्र तिने रात्री जागून काढलं होतं. मी विचारलं तर म्हणे योगायोग. ती शीट मी ठेवलीये जपून, ज्यांना बघायची त्यांनी यावं आणि आमच्या शीटशेजारी ठेवून बघावी.

लोक तिकडे गेले. का नाही जाणार, आमच्याकडून पोळलेले होते. टेबल रिकामं पडायला लागलं, नवीन कापड घ्यायला पैसे नाहीत, ज्यांना पैसे परत हवे होते त्यांना द्यायचे होते. बंद करायचं हे जवळजवळ ठरलंच होतं.

तेव्हा काकू आल्या. नाव लिहू नकोस म्हणाल्यात म्हणून लिहीत नाही. अगदी पहिल्या वर्षापासूनच्या आमच्या कस्टमर, आणि त्यांचा क्विल्ट सगळ्यात जास्त खराब झालेला. त्यांनी तो धुतल्यावर वाळवलाच नव्हता, ओलाच मोठ्या पिशवीत घालून आणला. मी माफी मागायला लागले, रडायलाच आलं, तर म्हणाल्या, "अगं, रडतेस काय, आधी पाणी तापव."

त्यांचं म्हणणं साधं होतं आणि बरोबर होतं. सुटलेला रंग जोवर भरपूर गरम पाण्यात तरंगत राहतो तोवर तो परत कापडावर बसत नाही. म्हणून मोठ्या टबात साधारण ६० अंशाचं पाणी, त्यात भांडी घासायचं लिक्विड, क्विल्ट पूर्ण बुडालेला हवा, एक कोपरा पण वर राहता कामा नये, आणि १२ तास तसाच. मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरायचं, लालसर दिसलं तर पाणी टाकून परत तेच. घाई करायची नाही, मध्ये वाळवायचं नाही, आणि ड्रायर किंवा इस्त्री तर अजिबात नाही, कोरड्या उष्णतेने डाग कायमचा बसतो. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत काकू जागच्या हलल्या नाहीत. क्विल्ट बाहेर काढला तेव्हा फिकट बाजू परत पांढरी होती.

मग त्यांनीच सगळ्यांना फोन केले. टब लागले, ओले क्विल्ट उचलायला माणसं लागली, आणि ओला डबल बेडचा क्विल्ट किती जड असतो हे ज्याने उचललाय त्यालाच माहीत, त्यामुळे ज्या चिडून गेल्या होत्या त्याच चौघी चौघी मिळून उचलत होत्या. बरेचसे वाचले. ज्यांनी आधीच इस्त्री फिरवली होती ते नाही वाचले, त्यांचे ब्लॉक आम्ही नवीन कापडातून परत करून दिले, आणि त्या कापडाचे पैसे कुठून आले तर माझ्या पार्टनरने तिचा आठ शाफ्टचा लूम विकला. मला न विचारता. तो परत मिळावा म्हणून नंतर खूप खटपट केली, पण ज्यांनी घेतला ते देत नाहीत, आणि त्यांचं तरी काय चुकलं, चांगला माग कोण सोडतो.

राहिला तो उरलेला लाल कपडा. सप्लायर परत घेईना, मला तो डोळ्यासमोर नको होता. पार्टनर म्हणाली फेकायचा नाही, विणायचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत सगळा धुतला, मग दीड दीड इंचाच्या पट्ट्या फाडल्या (फाडायच्याच, कापायच्या नाहीत, फाडलेली पट्टी धाग्याच्या रेषेत सरळ जाते), उरलेल्या चार शाफ्टच्या टेबल लूमवर ८/४ चा सुती कार्पेट वॉर्प (ताण्याचा जाड दोरा), इंचाला १२ धागे, आणि बाणा (आडवा धागा) म्हणून त्या पट्ट्या. त्या दिवसापर्यंत क्विल्टवाल्या एका बाजूला आणि मागवाल्या दुसऱ्या बाजूला बसायच्या, बोलायच्या पण एकमेकींच्या कामाला हात लावायच्या नाहीत. त्या दिवशी क्विल्टवाल्या पहिल्यांदा मागावर बसल्या. रग (सतरंजीसारखं जाड विणकाम) घट्ट व्हायला फणी जोरात ठोकावी लागते, आणि काकूंनी ती अशी काही ठोकली की टेबल लूम पुढे सरकायला लागला, दोघींना तो धरून बसावं लागलं. ज्यांचे क्विल्ट गेले त्यांना ते रग दिले. माझ्याही मशीनखाली एक आहे.

हळूहळू लोक परत आले. किट घेतलेल्या पण आल्या, टॉप करून झाला, आता सँडविच कसं लावू म्हणत. मी कोणाला काही बोलले नाही, टेबल रिकामं केलं आणि दुसरी बाजू धरली. एड्सने गेलेल्यांच्या आठवणीतला एड्स मेमोरियल क्विल्ट १९८७ मध्ये वॉशिंग्टनला पहिल्यांदा अंथरला तेव्हा त्यात १,९२० पॅनल होते, प्रत्येक ३ फूट बाय ६ फूट. कितीतरी लोकांनी आपल्या गेलेल्या माणसासाठी केलेलं काम ते, आणि ते एकत्र जोडल्याशिवाय त्याचा अर्थ पूर्ण होत नव्हता. हे ज्याला कळतं त्याने मला किट आणि व्हिडिओचं भविष्य सांगू नये.

नवीन कोणी असा धंदा काढणार असेल तर ऐका, विचारलं नसलं तरी. सँपलवर विश्वास ठेवू नका, आलेल्या प्रत्येक ताग्याचा तुकडा गरम पाण्याच्या ग्लासात टाका, सोबत पांढरा तुकडा टाका, आणि लॉट नंबर लिहून ठेवा. आणि शीटवर स्वतःचं नाव तारखेसकट छापा.

सध्या दोन्हीचा मिळून प्रोजेक्ट चालू आहे, मागावर एकच लांब ताणा, प्रत्येकीने आपला हातभर तुकडा विणायचा आणि नंतर ते सगळे तुकडे एका क्विल्टमध्ये जोडायचे. ज्या येणार आहेत त्यांनी लक्षात ठेवा, मागावरून उतरवल्यावर तुकडे कापायच्या आधी प्रत्येकीने आपल्या तुकड्याच्या दोन्ही कडांना झिगझॅग मारायचा, मग अख्खं कापड एकदा धुऊन घ्यायचं, सुती असेल तर १० टक्क्यांच्या आसपास आटतं. मागून पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावा, नाहीतर धागे सुटतील. आणि इथे पाव इंचाची शिवण चालणार नाही, अर्धा इंच धरा. माझ्या मशीनवर अर्ध्या इंचाची खूण केलेली आहे.